काळी नानकटाई

कोकोच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं. उलथन्याचं टोक कडेत खुपसून गोजरबाईनं जोर लावला, तशी कडा वाकली, बोटाला ओरखडा आला, झाकण मात्र जागचं हललं नाही. मेलं झाकण! पाठवणाऱ्यासारखंच, गोड रंगाचं आणि आतून घट्ट. डबा पंजाबरावानं, तिच्या धाकट्या भावानं, आठ दिवसांपूर्वी यष्टीच्या कंडक्टरच्या हाती माहेराहून, सोनाळ्याहून, पाठवला होता, सोबत चिठ्ठी – भाऊबीजेला येतो, काळी नानकटाई कर. नवऱ्यानं, उकंडरावांनी, चिठ्ठी वाचून दाखवली आणि घडी घालून तिच्या हातात ठेवली. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला भावाची बाजू तरी घेता आली असती.

उद्याच भाऊबीज. उद्या तो पाटावर बसेल, टोपी सारखी करील, कपाळ पुढं करील... अन् मी कुंकू लावू! लावू कशी?

झाकण निघालं. भसकन कोको उडाला, नाकात गेला, आणि त्या कडवट वासासरशी पंजाब आठवला – हा आताचा कोट घालणारा नव्हे, तेव्हाचा, देऊळघाटातल्या याच घरात सहा वर्षं राहिलेला, रोज बुलढाण्याच्या शाळेत पायी जाणारा. महाराष्ट्र झाला त्या साली मॅट्रिक झाला. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा पहिल्यांदा हा असला डबा घेऊन आला. दुधात घालून पाहिला तर कडू जहर. उकंडराव म्हणाले, हे खोकल्याचं औषध दिसतं. मग तिनंच तो मैद्यात घातला, भाजल्या दाण्यांचा कूट घातला, पातेल्यात वाळू तापवून वर थाळी ठेवली, झाकणावर निखारे रचले. पोरगा चुलीपुढून हलला नाही. त्या दिवसापासून दर दिवाळीला काळी नानकटाई, गल्लीत वाटून उरली ती याच्या खिशात. ती त्याला घास घालायची, आणि तो... जाऊ दे. नाही, जाऊ कशाला दे?

तिनं परातीत तूप घेतलं, वर पिठीसाखर ओतली. रेशनची साखर, दोन महिने चहा गुळाचा करून मागं टाकलेली – कुणासाठी? तळहात परातीवर असा फिरायला लागला की परात जमिनीवर सरकू लागली. तूप फेसायला वेळ लागतो, हात दुखून येतो, पण आज दुखतच नव्हता.

याच परातीत त्यानं तिला सही शिकवली होती. सांडलेला मैदा पसरून, तिचं बोट आपल्या बोटात धरून. रेशनच्या दुकानात तिनं अंगठा उठवला, तो त्याच्या वर्गातल्या पोरानं पाहिला होता. "बाई, तू अंगठा नोको लावत जाऊ, मले लाज वाटते." केवढंसं पोर, पण गुरुजीसारखं बसायचं. ग चा कान, ज ची शेपटी... महिनाभरात तिला नाव काढता आलं. नावापलीकडं एक अक्षर नाही. पुढचं शिकवायला त्याला सवड झाली नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

बाप गेल्यावर, यंदाच्या जेठात, तो तिला कचेरीत घेऊन गेला. बापाच्या जमिनीच्या वारसात तुझं नाव चढवायचं आहे म्हणाला, इथं सही कर. तिनं पदर सावरला, टाक घट्ट धरला आणि सही केली, सावकाश, शेपटीसकट. केल्यावर कारकुनाकडं पाहिलं, त्यानं पाहिलं का म्हणून. तो म्हणालाही, बाईले सही येते वा! आणि पंजाब हसला.

"म्याच शिकवली."

हे दोन शब्द! जमीन जाऊ दे खड्ड्यात. पण हे दोन शब्द रात्रंदिवस कानात किड्यासारखे वळवळतात. दसऱ्याला उकंडराव चारोळी आणायला सोनाळ्याला गेले, तेव्हा पटवाऱ्यानं सहज विषय काढला आणि सगळं उघडं पडलं. त्यांनी तिच्या सहीच्या कागदाची नक्कल करून आणली, याच चुलीपुढं बसून वाचली – मी गोजरबाई, राजीखुशीनं आपला हक्क सोडून देत आहे... राजीखुशीनं! अरे, मागितली असतीस तर ओवाळून टाकली असती. मले काय ते वावर डोक्यावर घेऊन जायचं होतं? एकदा म्हणायचं होतंस, बाई, मले दे. तेवढंच म्हणायला तुझी जीभ झडली होती?

मैदा, कोको, कूट. गोळा मळून झाला. पहिली थाळी तिनं वाळूवर ठेवली, झाकणावर निखारे सारले. पांढरी नानकटाई रंगावरून कळते. काळी करपली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, वासावरूनच ओळखावं लागतं. आणि तिला तर त्या दिवशी कचेरीत कसलाच वास आला नव्हता. एवढी चुलीपुढं म्हातारी होत चाललेली बाई, अन् घरचंच जळत होतं तर नाकाला पत्ता नाही.

उकंडराव ओट्यावरून आत आले. निखाऱ्यांकडं पाहत हळूच विचारलं, "ओवाळशीन न त्याले?"

"ओवाळीन," ती म्हणाली. "पण आधी पाटावर बसवून नक्कल हातात देईन. म्हणीन, वाच. मले वाचता येत नाही, तू वाचून दाखव."

ते जाताना निखारे थोडे मागं ओढून गेले.

बोलून गेली खरी, पण... समजा त्यानं कागद घेतला, घसा खाकरला आणि वाचलं – वारसात गोजरबाईचं नाव चढवण्यात येत आहे... अगदी गोड आवाजात, तिच्या डोळ्यात डोळे घालून, पुन्हा? मग ती काय करील? खोटारड्या म्हणून ताट उचलील? की ऐकून घेईल, मान हलवील आणि नानकटाई पुढं करील? हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. भावाचा नाही. स्वतःचा. कारण या एवढ्या रागाच्या तळाशी, वाळूखालच्या विस्तवासारखं, एकच मागणं धगधगत होतं – पोरा, खरं वाच रे. एवढं एकदा खरं वाच.

वास आला. तिनं झाकण उचललं. थाळी बरोबर वेळेवर निघाली.

दुसऱ्या थाळीचे गोळे तिनं मांडले. दर वर्षी प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबून खळगा करायची आणि त्यात चारोळी बसवायची. आज चारोळीची पुडी तिनं बाजूला सारली. एकेका गोळ्यावर अंगठा दाबला, सावकाश, रेघान्‌रेघ उठेल असा, आणि तशीच थाळी वाळूवर ठेवली.