जाहिरातींआधीच्या दोन फेऱ्या

अमेरिकेतल्या युजीन शहराच्या मैदानात बायकांच्या दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्यांपैकी सोळा संपल्या होत्या. वर काचेच्या खोलीत मार्लिस ट्वेड पेन्सिलीने प्रत्येक फेरीची वेळ लिहीत होती. हे अंतर ती स्वतः याच मैदानात अकरा वेळा धावली होती; टीव्हीवर समालोचन करायला लागून मात्र तिसरंच वर्ष. शेजारी कॉर्विन. त्याचा खरा जीव फुटबॉलमध्ये, पण आवाज असा भारदस्त की चॅनेलवाले त्याला कुठेही बसवत.

हेडफोनमध्ये निर्मात्याचा, थेरॉनचा आवाज आला. "एका मिनिटात जाहिराती. मग शंभर मीटरवाल्याची मुलाखत. तोवर या बायका गोल गोल फिरतायतच."

गेल्या वर्षी असंच झालं होतं. जाहिराती संपून चित्र परत आलं, तर पहिली धावपटू साठ मीटर पुढे! ती कधी सुटली, कुणालाच दिसलं नाही. मार्लिस तेव्हा गप्प बसली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा फोन आला, "शर्यत कुठे होती गं? मला गाद्यांच्या जाहिराती दिसल्या फक्त."

तिने फक्त निर्मात्याशी बोलायचं बटण दाबलं; आता प्रेक्षकांना तिचा आवाज जात नव्हता. "थेरॉन, आत्ता नको. गेल्या तीन फेऱ्या मंदावल्यात. ती बराझा पुढे निघायचा अंदाज घेत दोनदा बाहेरच्या लेनमध्ये येऊन गेली. ती सुटणार."

"सुटली तर मागाहून रेकॉर्डिंग दाखवू."

"मुलाखत दाखव ना मागाहून. त्याची शर्यत तर कालच झाली!"

"तीस सेकंद, मार्लिस."

तिने बटण सोडलं आणि सरळ प्रेक्षकांना सांगितलं, "मंडळी, जागचे हलू नका. पुढच्या दोन फेऱ्यांत नोएमी बराझा घोळका फोडणार आहे."

कॉर्विनने डोळे विस्फारून तिच्याकडे पाहिलं. हेडफोनमध्ये थेरॉन कडाडला, "बांधून टाकलंस मला! ती नाही सुटली ना, तर उद्या तुला हातोडाफेकीच्या जाळीपाशी उभी करतो!"

पण जाहिराती लागल्या नाहीत.

सतरावी फेरी गेली. काही नाही. वारा कुठल्या बाजूने आहे, कोण कुणाच्या आडोशाला धावतंय, पुढे गेलेलीला तो वारा कसा एकटीनं झेलावा लागतो, हे मार्लिस शांतपणे सांगत राहिली.

अठराव्या फेरीत, पलीकडच्या सरळ पट्ट्यावर वारा पाठीशी येताच चौथ्या नंबरवरची एकजण उसळली. ती बराझा नव्हती.

"मी चुकले, मंडळी!" मार्लिस ओरडली. "सुटलीय ती लिंडक्विस्ट! बघा, खांदे अजून किती सैल आहेत तिचे!"

कॉर्विन पुढे वाकला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याने मनापासून काही विचारलं. "मग बराझा लगेच मागे का नाही गेली?"

"तिचा बेत वेगळा होता. आता मोडला तो. बघ, दातओठ खाऊन निघालीच."

पुढच्या सात फेऱ्या एकही जाहिरात आली नाही. पंधरा मीटरचं अंतर दहा झालं, मग चार. शेवटच्या वळणावर दोघी खांद्याला खांदा लावून आल्या. कॉर्विन उभा राहून ओरडत होता, हेडफोनमध्ये थेरॉनही ओरडत होता. लिंडक्विस्टने छातीभर अंतराने शर्यत मारली.

मुलाखत दाखवून झाल्यावर थेरॉन वर आला. दारातच हात कमरेवर ठेवून म्हणाला, "नाव चुकलं तुझं."

"नाव चुकलं. फेरी नाही चुकली."

तो हसला. "बरं बाई. रविवारी पाच हजार आहे. त्यातल्या जाहिराती कुठे घालायच्या, तूच सांग."

"सुरुवातीला, पहिली फेरी झाल्यावर. त्यानंतर नाही." मार्लिसने कागद गोळा केले. "आणि उद्या मला त्या जाळीपाशी खरंच पाठव. एक कॅमेरा दे सोबत. तीन दिवसांत आपण एकीचाही हातोडा जमिनीवर पडताना दाखवलेला नाही."

"अख्खा कॅमेरा?"

"दोन दिलेस तर तेही चालतील," ती म्हणाली आणि दिवे मालवून त्याच्या पुढे जिना उतरू लागली.