तातडीची खूण

मी हेडर बोलतोय. संगणक एकमेकांना निरोप धाडतात, त्या निरोपाच्या डोक्यावरची चिठ्ठी म्हणजे मी. काम काय ते निरोपात लिहिलेलं असतं. ते कोणी पाठवलं, किती घाईचं आहे, ते माझ्यात.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी झाला. पाच नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं रक्त तपासायचं होतं. थोरल्या सिस्टरनी पडद्यावर 'तातडीचे'समोर खूण केली आणि बटण दाबलं. ती खूण माझ्या वाट्याला आली.

तळमजल्यावर प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हिसनं, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोग्रॅमनं, आम्हाला आत घेतलं. तिनं निरोप वाचला, रक्ताच्या नळीचा नंबर छापला. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. येणारं सगळं जसंच्या तसं साठवतात त्या लॉगमध्ये मी जाऊन पडलो.

माझ्याआधीच्या हेडरांचंही तीन वर्षं असंच चाललं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सिस्टर मंडळी खूण केल्यावर प्रयोगशाळेला फोनही करत. त्या सकाळी फोन लागला नाही.

आजोबांची नळी रांगेत एकेचाळिसावी. अहवाल चार तासांनी आला. तोवर त्यांचं हृदय एकदा थांबून पुन्हा सुरू झालं होतं. ते वाचले, पण जीभ जड झाली.

चौकशीत प्रयोगशाळेचा कागद निघाला. त्यावर 'साधे' छापलेलं.

"मी खूण केली होती," सिस्टर म्हणाल्या.

"कागद तसं म्हणत नाही," चौकशी करणारे साहेब म्हणाले.

बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईंना चादरींच्या कोठारात बसवलं. तिथला संगणक बघायला एकदा प्रोग्रॅमर आली. प्रयोगशाळेची ती सर्व्हिस तिनंच लिहिलेली.

"काय गं, यंत्र खोटं बोलतं का?" सिस्टरनी विचारलं.

"यंत्र नाही बोलत. लिहिणारा चुकतो. बघते मी."

तिनं लॉग उघडला आणि मी सापडलो. मग तिनं स्वतःचा प्रोग्रॅम उघडला. त्यात फक्त निरोप मागितला होता. हेडर दर वेळी सोबत येऊन उभं असायचं. त्याला हाक मारायला दोन ओळी लागत, त्या लिहायच्या राहून गेल्या होत्या. मग तिनं त्या दोन ओळी लिहिल्या, मला कागदावर छापलं आणि साहेबांकडे गेली.

"चूक माझी आहे. सिस्टरची नाही."

"दुरुस्त झालं ना? मग राहू दे की."

"त्या अजून चादरींच्या घड्या घालतायत, साहेब."

सिस्टर वॉर्डात परतल्या. प्रोग्रॅमर माफी मागायला गेली, तर त्या म्हणाल्या, "माझं सोड. आजोबांना सांगितलंस?"

आजोबा बोलण्याच्या व्यायामासाठी येत. दोघींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा कागद डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे... माझ्यासाठी... कोणीतरी... घाई केली होती."

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. परत दिला नाही.

लॉगमधला मी अकरा दिवसांनी पुसला जाईन. नव्वद दिवसांचा नियम आहे, तक्रार नाही. आता खाली पोचणाऱ्या प्रत्येक हेडरला आधी विचारलं जातं, घाई आहे का? तेवढं विचारत राहा.