तिसरीच्या वर्गातलं सोनेरी चित्र

कॅनव्हास हा चित्रकाराचा तुरुंग आहे आणि खरा कलावंत तो फोडून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही, असं मतीन नदाफनं जाहीर केलं, तेव्हा तो स्वतः कडेगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या तिसरीच्या वर्गात चौदा दिवसांसाठी कोंडलेला होता. गेटाला कुलूप होतं. ऐकायला एकच माणूस होता, मानसिंगकाका, आणि तेही लसूण सोलत होते.

"फोडून जाशील कुठं?" काकांनी विचारलं. "भायेर बाळासो बसलाय."

बाळासो म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई. तोंडाला पंचा बांधून, मांडीवर काठी आडवी ठेवून तो गेटापाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. टाळेबंदीत बाहेरगावाहून येईल त्याला आधी शाळेत ठेवायचा, मग घरी सोडायचा, असा गावाचा ठराव होता, आणि बाळासोला गावाचे ठराव पाळून घ्यायला लय आवडायचं.

मतीन पुण्यात चित्रकला शिकत होता. हॉस्टेल बंद झालं तसा तो कोबी उतरवून परत निघालेल्या टेम्पोत बसून गावी आला. मानसिंगकाका आले कोइमतूरहून. विट्याच्या गलाईवाल्यांच्या हाताखाली धंदा शिकून त्यांनी तिकडं दुकान टाकलं होतं. सराफांच्या दुकानातला केर, जुनी पायपुसणी, कारागिरांच्या बुडाखालच्या चटया विकत घ्यायच्या, जाळायच्या आणि राखेतून सोनं काढायचं, हा तो धंदा. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की जाळल्यावर तिच्यातून काय निघेल, याचा अंदाज त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. आल्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांच्या खुर्चीकडेसुद्धा त्याच नजरेनं बघितलं होतं.

परीक्षा रद्द झाली होती, पण मतीनची सुटका झाली नव्हती. कॉलेजच्या प्रांजल मॅडमनी फर्मान काढलं होतं, तीन समकालीन चित्रकारांचा अभ्यास करा, त्यातून स्वतःचं एक चित्र काढा आणि शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर दाखवा. चित्र नाही तर वर्ष नाही. मतीनच्या अब्बांचं, मोहिद्दीनभाईंचं फर्मान याहून आखूड होतं. वर्ष नाही तर गादी. विट्याच्या रस्त्याला त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं, आणि कापूस पिंजायच्या मशीनवर एक माणूस कमी होता. तो माणूस कुठून आणायचा, याचा विचार करताना ते नेहमी मतीनकडे बघायचे.

त्यामुळे मतीन अभ्यासाला लागला. वर्गात रेंज फक्त खिडकीत यायची. तिथं उभं राहून तो मोबाइलवर वाचायचा आणि मग काकांना समजावून सांगायचा. दुसरं कोणी नव्हतंच.

"हा एक युरोपातला चित्रकार आहे काका. सगळा कॅनव्हास पांढरा रंगवतो. पांढऱ्यावर पांढरा."

"चुना."

"चुना नाही. त्यात शांतता आहे."

"चुन्यात बी आसती. नवा दिल्यावर दोन दिस भिंतीला कोण टेकत न्हाई."

दुसऱ्या एक बाई होत्या, त्या फक्त न आवरलेली अंथरुणं रंगवायच्या. यावर काकांनी मतीनच्या अंथरुणाकडे एकवार बघितलं. तिसरा चित्रकार सगळ्यात थोर होता. तो आधी वर्षभर खपून चित्र काढायचा, मग त्यावर काळा रंग मारून ते झाकून टाकायचा, म्हणजे ते कोणालाच दिसू नये. या तिघांचं खरंखोटं मतीनचं नेट जाणे, पण मतीन त्या तिसऱ्यावर जीव टाकत होता.

"मंग खाली चितर हाय का न्हाई, कसं कळायचं?" काकांनी विचारलं.

"विश्वास ठेवायचा."

"आमच्या धंद्यात असं बोलणाऱ्याला लोक झाडाला बांधत्यात."

मतीननं सुस्कारा सोडला. समकालीन असण्यात एकटेपण असतंच, हे त्यानं वाचलेलं होतं.

कॅनव्हास नव्हता, म्हणून मोहिद्दीनभाईंनी डब्याबरोबर गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड पाठवलं. वर निरोप दिला, की हे बिनडागाचं परत मिळालं तर बरं. रंग म्हणून मोहरमच्या ताबुतांना लावून उरलेली सोनेरी पावडर आणि वार्निशाचा अर्धा डबा आला. मतीननं चार काठ्यांवर कापड ताणलं आणि तीन दिवस नुसता सोनेरी रंग थापला. थरावर थर. आत त्यानं आधी बरंच काही काढलं होतं, पण ते आता कोणालाच दिसणार नव्हतं. नाव ठेवलं, 'अनुपस्थिती'.

गुरुवारी संध्याकाळी चित्र पुरं झालं. मतीन चार पावलं मागं सरला. मग आणखी चार सरला. कुठूनही बघितलं तरी ते मिठाईच्या खोक्याच्या झाकणासारखंच दिसत होतं. जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि कपाळ धरलं.

"जाळून टाकलं पाहिजे हे."

काकांचा घास हातात राहिला. "खरंच म्हंतुयास?"

"खरंच. सगळं जाळलं पाहिजे काका. राखेतूनच काहीतरी निघेल."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या दिवसांत पोरगं पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललं होतं. कलेच्या बाबतीत दोघांचं तेवढं एकच एकमत झालं, आणि ते भलतंच पक्कं झालं.

सकाळी मतीनला जाग आली ती काकांच्या गुणगुणण्यानं. मागच्या अंगणात, पोरांची खिचडी शिजवायच्या चुलीपाशी ते उकिडवे बसले होते. पुढ्यात घमेलं होतं. हाताला काम नसल्यानं इतके दिवस उतरलेला त्यांचा चेहरा आज एकदम तजेलदार दिसत होता.

"ये. टंच काढला, सोनं किती निघतंय ते."

"कशाचा?"

"तुझ्या चितराचा." मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात ते म्हणाले, "काय न्हाई रं त्यात. गुंजभर बी सोनं न्हाई. रंग कुणी दिलावता?"

"अब्बांनी."

"बापानंच फसीवलं तुला."

मतीन घमेल्यात बघत उभा राहिला. चार काठ्यांची टोकं तेवढी ओळखू येत होती. "काका," तो कसाबसा म्हणाला, "मी जाळायचं म्हणालो, ते कलावंत नुसतं म्हणतात."

"म्हंत्यात, आन् जाळत न्हाईत?"

"नाही."

"मंग म्हंत्यात कशाला?"

हे मतीनच्या वाचनात कुठंच आलेलं नव्हतं. काकांना मात्र आता काय झालंय ते उमगायला लागलं. त्यांनी घमेलं हळूच पायानं मागं सरकवलं, जसं काही ते आधीपासून तिथंच होतं. "लोक जाळायला मलाच देत्यात की रं," ते पुटपुटले. "मला वाटलं, तू बी दिलंस."

कॉल अकराला होता. मतीननं मोबाइल सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला, समोर बाकावर घमेलं ठेवलं आणि जेवढं वाचलं होतं तेवढं सगळं एका दमात बोलून टाकलं. दृश्याचा अंत. वस्तूकडून शून्याकडे. राख हाच काळाचा खरा रंग.

प्रांजल मॅडम त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मागं कुकरची शिट्टी झाली.

"राख आहे का ती?"

"हो मॅडम."

"राखेचा तू आजचा चौथा. कशिशनं वही जाळली. शिवतेजनं अंगातला शर्ट काढून जाळला, मग त्याच्या आईनं मला फोन केला. तुझं मुळात चित्र तरी होतं का?"

तेवढ्यात काका पडद्यात घुसले. "व्हतं म्याडम. मी सोता जाळलंय. लय मन लावून काढलंवतं पोरानं. निघालं न्हाई काय, ती गोष्ट येगळी."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे कोण?"

"मानसिंगकाका. माझ्याबरोबर असतात."

"छान. मतीन, समोर जिवंत माणूस आहे. त्याला काढ. आत्ता, कॅमेरा चालू ठेवून. तोवर मी भांडी घासून घेते. जमलं तर वर्ष, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटू."

दोन वर्षांत मतीननं माणूस काढलाच नव्हता. हुबेहूब काढणं हे कॅमेऱ्याचं काम, असं त्याचं मत होतं, आणि मत असलं की सराव लागत नाही. कागदही नव्हता. फळ्यावर मार्चातला तेराचा पाढा तसाच होता. तो पुसून त्यानं खडू उचलला.

"बसा काका. हलू नका."

काकांनी आधी केसांना पाणी लावलं. गळ्यातली साखळी शर्टावर काढली, मास्क हनुवटीखाली ओढला, मिशीला पीळ दिला आणि तिसरीतल्या पोराच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन ते बसले.

"नाक खाजवू का?"

"नंतर."

"खाजतंय आता, आन् खाजवू नंतर?"

"काका, कापूस पिंजावा लागेल मला."

त्यानंतर काका हलले नाहीत. आपण पोराचं नुकसान केलं, हे त्यांना लागलं होतं. त्यामुळे खाजसुद्धा शिक्षा म्हणून सोसल्यासारखी सोसत ते बसले. बसता बसता त्यांचा पीळ उतरला. नजर खिडकीतून पार लांब गेली, बहुतेक कोइमतूरच्या कुलूप लागलेल्या दुकानापर्यंत. मतीन बघत होता. काकांची डावी भुवई उजवीपेक्षा वर होती, कारण जन्मभर त्यांनी एक डोळा मिटून धुरात बघितलं होतं. खालचा ओठ काहीतरी पुटपुटायचा आणि थांबायचा. मतीन शांततेबद्दल काही बोलला नाही. त्याला वेळच नव्हता, कारण कान जमत नव्हता.

मॅडम ओले हात पुसत आल्या आणि पडद्याशी वाकून बघत राहिल्या. इतका वेळ न हलता, की मतीनला वाटलं रेंज गेली.

"मॅडम, दिसतंय का?"

"बघतेय. कान मोठा झालाय."

"हो."

"हनुवटी घसरलीय."

"हो."

"पास," मॅडम म्हणाल्या, आणि मग खरंच रेंज गेली.

डबा घेऊन आलेले मोहिद्दीनभाई मागच्या बाजूनं खिडकीशी उभे होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाळासो सहा फुटांवर उभा होता. मोहिद्दीनभाईंनी फळ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, परत फळ्याकडे बघितलं.

"मानसिंगराव हायती की हे."

मतीनला इतकी मोठी दाद आजवर मिळाली नव्हती. "पास झालो अब्बा."

"आनी कापड?"

"जळलं."

मोहिद्दीनभाईंनी पुन्हा एकदा फळ्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले, "मशीनवर दुसरा माणूस बघतो मी." आणि डबा खिडकीत ठेवून, नाक पुसायचं निमित्त करत बाजूला झाले.

आता बाळासो पुढं आला. काठी भिंतीला टेकवून, पंचा नाकावर नीट करून तो फळ्याकडे एकटक बघायला लागला. त्याची नजर भुवईवरून मिशीवर आली आणि तिथंच थांबली. मतीनची छाती आपोआप फुगली. काकांनी उतरलेला पीळ परत चढवला.

"हातात कला हाय तुमच्या," शेवटी बाळासो म्हणाला. काल-परवापर्यंत तो मतीनला अरेतुरे करत होता. "एक इनंती व्हती."

"बोला की," मतीन म्हणाला.

"मागं गावच्या संडासाच्या दारांवर एक बाई आन् एक गडी काढून द्या. सकाळच्याला लोक चुकत्यात. गड्याला मिशी मातूर ह्यांचीच घाला, म्हंजी लांबनं कळंल."