दत्तोबांची जित्राबं

माझ्या भाचीच्या हिंजवडीतल्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी तळघरात आहे. तिच्याकडे गेले की मी आधी खाली उतरून वास घेऊन येते. भाचीला लाज वाटते. पण टाकी नीट चालली असली की ओल्या मातीचा वास येतो, आणि मेलेल्या टाकीचा वास मी १९७९ साली घेतलाय, तो अजून विसरलेले नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन कसबा पेठेतून सायकलने येरवड्याच्या पुढे एका कारखान्याच्या वसाहतीत नोकरीला जायची. वसाहतीचं सगळं सांडपाणी सिमेंटच्या एका उघड्या टाकीत यायचं. मोठे पंखे ते घुसळून त्यात हवा भरायचे आणि त्या तपकिरी पाण्यातले असंख्य जंतू घाण खाऊन टाकायचे. मग पाणी निवळून नदीत सोडायचं. मी पत्र्याच्या खोलीत बसून नमुने तपासायची. टाकी सांभाळायचे दत्तोबा. जवळच्याच गावचे, पन्नाशीचे, घरी चार म्हशी. टाकीतल्या जंतूंना ते घरच्या गुरांसारखं जित्राबं म्हणायचे. सकाळी आल्याआल्या कठड्यावर उभे राहून हुंगायचे आणि आज ती भुकेली आहेत की पोट भरलंय ते सांगायचे. मला हसू यायचं. सात वर्षं ते रोजंदारीवर होते. त्या दिवाळीनंतर त्यांना कायम करायचं ठरलं होतं.

दिवाळीच्या महिनाभर आधी कारखान्याचे मोठे साहेब बघायला यायचे होते. टाकीवर तपकिरी फेसाचा जाड थर आला होता. आमच्या घरी मोरीसुद्धा ब्लीचिंग पावडरने घासून पांढरीशुभ्र ठेवायची पद्धत. तो फेस मला बघवेना. मी दत्तोबांना पावडरचं पोतं टाकीत ओतायला सांगितलं.

"बाई, मरतील ती," दत्तोबा म्हणाले.

"दत्तोबा, तुम्ही शाळा किती शिकलात?"

त्यांनी पोतं उचललं आणि ओतलं.

साहेब आले तेव्हा टाकी आरशासारखी होती. त्यांनी कौतुक केलं, चहा घेतला, गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशीच सडक्या अंड्यांसारखा वास आला. पाणी काळं पडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी जत्रेसारखी गडबड असायची. त्या दिवशी काहीच हललं नाही. मी तीनदा थेंब बदलून पाहिला.

आप्पासाहेब, आमचे व्यवस्थापक, नाकाला रुमाल लावून आले. पावडर ओतली त्या दिवशी टाकीवर कोण होतं हे त्यांनी विचारलं आणि दत्तोबांना सांगून टाकलं की उद्यापासून येऊ नका. दत्तोबांनी माझं नावही घेतलं नाही. ते आपला डबा फडक्यात बांधू लागले. ती गाठ मारताना त्यांची बोटं मला अजून दिसतात.

"आप्पासाहेब, पावडर मी ओतायला लावली," मी म्हणाले. "ते नको म्हणत होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वा. म्हणजे पदवी अगदीच वाया गेली नाही."

मग त्यांनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात टाकी पूर्ववत झाली तर ठीक, नाहीतर दोघांनीही घरी बसायचं.

दुसऱ्या एका कारखान्याच्या चालू टाकीतला दाट गाळ आणून आमच्या टाकीत सोडायचा, एवढा उपाय पुस्तकात होता. त्यांचा टँकर फाटकाशी आला तेव्हा दत्तोबा हळदकुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे. नवी गाय दारात आली की तिच्या पायांवर पाणी घालतात, तसं टँकरच्या चाकांवर घालायचं होतं. ड्रायव्हर हसायला लागला. दत्तोबांनी तांब्या माझ्यापुढे धरला.

"घाला बाई. जित्राब दारात आलं की घरच्या बाईनंच घ्यायचं असतं."

कसब्यातलं कोणी बघत नाही ना, असं मनात येऊन गेलं. पण मी पाणी घातलं, चारही चाकांवर. हळदकुंकूही वाहिलं. दत्तोबांनी डब्यातली चतकोर भाकरी टाकीत टाकली.

त्यानंतर मी पुस्तक मिटलं आणि सांडपाणी किती सोडायचं ते त्यांना विचारलं. ते म्हणाले, थोडंथोडं, नवं जनावर बिचकतं. बाकीचं पाणी शेजारच्या रिकाम्या टाकीत वळवलं. रोज थोडं गुळाचं पाणी घातलं. आठवडाभर काही फरक दिसेना. दत्तोबा हुंगायचे आणि मान हलवायचे. मी घरी जेवत नाही म्हणून आई डॉक्टरांकडे न्यायच्या गोष्टी बोलू लागली.

अकराव्या दिवशी ते कठड्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बघा तुमच्या नळीतनं."

मी थेंब ठेवला. बारीक दांड्यावर उभी, घंटेच्या आकाराची इवलीशी जिवंत फुलं; झटकन मिटायची, हळूच उमलायची. आजूबाजूला गर्दी. ही दिसली की टाकी सावरली समजायचं. मी उठून दत्तोबांना बसायला सांगितलं. सात वर्षांत त्यांना कोणी त्या स्टुलावर बसवलं नव्हतं.

एक डोळा तळहाताने झाकून ते कितीतरी वेळ पाहत होते.

"शेपटावर उभं हाय की ह्ये." मग नळीवरचा डोळा न काढता त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही शाळा किती शिकलात?"

"अकरा दिवस," मी म्हणाले.

त्यांचे खांदे हसताना हलत होते.

पंधराव्या दिवशी आप्पासाहेब टाकीशी आले. सवयीने रुमाल काढला, क्षणभर थांबले, आणि घडी करून परत खिशात ठेवला. दिवाळीनंतर दत्तोबांना कायम केल्याचं पत्र आलं. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हशींना पेंड घालायची वेळ झाली म्हणून लवकर घरी गेले.