डोळा नको, बटण हवं

"धर की हात," बाबा म्हणाले.

कंपनीच्या बाथरूममध्ये आम्ही चौघं दाटीवाटीने उभे होतो. मी, बाबा, त्यांच्या मॅनेजर मॅडम आणि एक डिझायनर दादा, जो सारखा आपल्याच बुटांकडे बघत होता. समोर भिंतीवर कोरं करकरीत मशीन. ओले हात खाली धरले की गरम हवेने सुकवणारं, पण कमी आवाजाचं. खास माझ्यासारख्यांसाठी, शाळांमध्ये लावायला. मी ऑटिस्टिक आहे. असल्या मशीनची मला इतकी धास्ती की मी हात सरळ स्कर्टला पुसते. माझ्या प्रत्येक स्कर्टवर दोन पंजे उमटलेले असतात. आई त्याला माझी सही म्हणते.

तर माझं मत घ्यायला कंपनीने चक्क गाडी पाठवली होती. वर्गात हे माझ्याकडून ऐकलं नाही असं कोणी उरलं नव्हतं.

मशीनला एक काळा डोळा होता. हात जवळ आला की तो ओळखतो आणि हवा सुरू होते. हा डोळा बाबांनी बनवलेला. त्याआधी बटणं होती. लोक ती कोपराने बडवून तोडायचे. बाबा कंपनीत तेव्हापासून आहेत आणि सगळे त्यांना 'डोळेवाले' म्हणतात. कुठल्याही लग्नाला गेलो की बाबा आधी हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन येतात आणि आईच्या कानात सांगतात, "आपलाच आहे." आई म्हणते, "नवरानवरीला भेटा आता."

मी हात पुढे केले. फूऽऽ. मी टुणकन मागे उडी मारली ती थेट डिझायनर दादाच्या बुटांवर.

"अगं, आवाज तर काहीच नाही," मॅडम म्हणाल्या.

"अजून उतरवतो ना," बाबा घाईने म्हणाले. "पंख्याची पाती बदलू. दोन दिवसांचं काम."

आवाज खरंच छान होता. कोणीतरी चहावर फुंकर मारावी तसा. घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मी बोलले असते तर बाबांच्या वर्मी लागलं असतं, तेही त्यांच्या मॅडमसमोर. पूर्वीची मी 'छान आहे' म्हणून मोकळी झाले असते. मग हे मशीन शाळाशाळांत लागलं असतं आणि आम्ही सगळे आपले स्कर्टला आणि पँटला हात पुसत बसलो असतो. शिवाय गाडीत बाबाच म्हणाले होते, "खरं काय ते बोल हं. माझी भीड नको."

"आवाज राहू दे," मी म्हणाले. "डोळा काढा."

डिझायनर दादाने पहिल्यांदा मान वर केली.

"तो कधी सुरू होईल ते मला कळत नाही. मी नुसती बाजूने गेले तरी होतो. मी तयार आहे का ते त्याने आधी विचारायला हवं. मला बटण द्या. मी दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद."

"बटणं तुटतात, बाळा," बाबा हळूच म्हणाले.

"मग न तुटणारं करा. तुम्हाला जमेल."

मॅडमनी बाबांकडे पाहिलं. "काय डोळेवाले?"

बाबा मशीनकडेच बघत होते. "घरी बाथरूममध्ये आपलं मशीन असून तू स्वयंपाकघरातल्या टॉवेलला हात पुसतेस, ते यामुळेच?"

"हो."

"मला वाटायचं, आळस."

"तोही आहे."

मॅडम हसल्या. बाबाही हसले, पण जरा उशिराने. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवर, मशीनच्या खाली, एक गोल काढला. "बटण इथे घेऊ. हाताला सहज लागेल," ते डिझायनर दादाला म्हणाले. "आणि मोठं करा."

रविवारी त्यांनी आमच्या बाथरूममधलं मशीन उघडलं. ते त्यांच्या डोळ्याचं सगळ्यात पहिलं मशीन. डोळा काढून शर्टच्या खिशात ठेवला आणि खाली माझ्या तळहाताएवढं पिवळं बटण बसवलं. नळाखाली हात धुतले आणि सवयीने मशीनपुढे धरले.

काहीच झालं नाही. बाबा तसेच उभे राहिले, ओले हात पुढे करून.

"तयार?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग मी बटण दाबलं.