साठीच्या अलीकडे, एकविशीच्या पलीकडे

पुष्पलता नाशिकहून एका खासगी बँकेची क्रेडिट कार्डं विकायला मोखाड्यात आली, ते २००५ सालचे फेब्रुवारीचे दिवस होते. गाव तिचंच. पण पंचायत समिती आणि तहसील कचेरी पालथी घालूनही एकही अर्ज भरला गेला नव्हता. लोक चहा पाजायचे, आईची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "उधारीचं नको बाई."

मग एका सकाळी मधु गुरुजी स्वतःच तिच्या घरी आले. चौथीपर्यंत त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता ते निवृत्त होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता, आणि खिशातल्या पाकिटात स्टुडिओतून मुद्दाम काढून आणलेले फोटो.

"माझा अर्ज भर," ते म्हणाले. "एकाने भरला की बाकीचे भरतील."

"वय किती लिहू, गुरुजी?"

"त्रेसष्ट."

पुष्पलताने पेन खाली ठेवलं. "साठीच्या पुढे देत नाहीत, गुरुजी."

"पेन्शन येते की मला."

"तरी नाही. एकवीस ते साठ, असा नियम आहे."

"मग साठ लिही. तुझी तरी जन्मतारीख कुठे खरी आहे? आईला तारीख आठवेना, तेव्हा मीच एक जून लिहिली."

"पण ती दाखल्यावर आहे. तुमचीही दाखल्यावर असणार."

गुरुजी फोटो पुन्हा पाकिटात घालू लागले, तर ते नीट आत जाईनात. पुष्पलताला ते बघवेना.

"मलाही कार्ड मिळत नाही," ती म्हणाली. "येत्या जूनमध्ये एकवीस पूर्ण होतील. आई म्हणते, मी खरी वर्षाने मोठी आहे."

गुरुजी हसले. "म्हणजे तुझं कार्ड मीच अडवलं. चल, शाळेत जाऊ. तिथे नियमात बसणारी माणसं आहेत."

दुपारच्या सुट्टीत शिक्षक जमले. पुष्पलताने पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. पन्नास दिवसांपर्यंत व्याज नाही, कुठेही खरेदी करा.

"आणि वेळेत नाही भरले तर?" गुरुजींनी विचारलं.

ती अडखळली. कुणी विचारल्याशिवाय हे बोलायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये बजावलेलं होतं. "महिन्याला जवळजवळ तीन टक्के."

"वर्षाचं सांग."

"पस्तीसच्या आसपास."

तिघे उठून गेले. कमलेश सर बसून राहिले. "मुलीला घेऊन नाशिकच्या दवाखान्यात जावं लागतं," ते म्हणाले. "कधी पगार लांबतो. भरा माझा." त्यांच्यामागून प्रतिभा मॅडमनीही भरला.

बाहेर आल्यावर पुष्पलताचा राग मावेना. "तुम्ही विचारलं नसतं, तर सगळ्यांचे झाले असते."

"झाले असते," गुरुजी म्हणाले. "आणि मग तुला या गावात तोंड लपवत यावं लागलं असतं."

स्टँडपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली. एसटी सुटेपर्यंत गुरुजी उन्हात उभे होते. बस हलली तेव्हा तिनेच आधी हात केला.

पुढच्या महिन्यात ती जव्हारला गेली. तिथे कुणी विचारण्याआधीच तिने व्याजाचा आकडा सांगितला. त्या दिवशी एकच अर्ज झाला. संध्याकाळी बँकेचे साहेब फोनवर तिला बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच सांगितलं.