उपासाचं खाणं वहीत कोण लिहितं?

माझं वजन एकशे चौदा किलो. आधीच सांगून टाकलेलं बरं, मागून कुजबुज नको. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि मी वर पोचेपर्यंत मुलं आपली हजेरी आपणच घेऊन मोकळी! परवा प्रिन्सिपल बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मृणाल मैडम, आप नीचे लाइब्रेरी सँभाल लीजिए." असा संताप आला म्हणून सांगू! मला गणित शिकवायचंय, कपाटं पुसायची नाहीत. तडक फ्रीगंजमधल्या सर्जनकडे गेले. पोट लहान करायचं ऑपरेशन करावं का, विचारायला.

"करता येईल," ते म्हणाले, "पण आधी आठवडाभर जे खाल ते वहीत लिहा."

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, कपाळाला हात लावला. "चांगलं धडधाकट पोट कापायचं? काहीतरीच बाई!" नवऱ्याने, श्रीकांतने, दोघींकडे बघून मान डोलावली अन् पेपर उघडला.

आठवड्याने वही घेऊन गेले. अक्काही आल्या, मला परत न्यायला. आहार सांगणारी अमृता पानं उलटत म्हणाली, "मैडम, सोमवार खाली, गुरुवार खाली, ग्यारस भी खाली?"

"तीनों दिन उपास था, एकादशी को भी," मी म्हटलं.

"मतलब कुछ नहीं खाया?"

"खाया नहीं, बस फरियाल किया." फरियाल म्हणजे आपला उपासाचा फराळ.

"फरियाल में क्या?"

अक्कांना राहवेना. साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या, वर फरियाली मिक्श्चर, बटाट्याची भाजी, शिंगाड्याचा शिरा, आटीव दूध, राजगिऱ्याचे लाडू. सगळं कौतुकाने सांगितलं. अमृता आकडे मांडत गेली. माझा उपासाचा दिवस जेवणाच्या दिवसाच्या दीडपट निघाला! मी पोट धरून हसले. गणिताची बाई ना मी? अक्का मात्र हसल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "लिही. मंगळवारी दुपारी मी तुला दोन लाडू दिले. बुधवारी शाळेच्या डब्यात तूप जास्त घातलं. तू दमून येतेस, मला बघवत नाही."

मी लिहीत होते. त्या एकदम म्हणाल्या, "हे हर्नियाच्या ऑपरेशनला हसत गेले गं. परत आलेच नाहीत."

लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासऱ्यांबद्दल त्या हे पहिल्यांदाच बोलल्या. मी त्यांचा हात धरला. "अक्का, मला पण भीती वाटते. फार वाटते. पण जिन्यात छाती धडधडते ना, तेव्हा त्याहून जास्त वाटते."

पुढच्या भेटीला अक्का माझ्याआधी चपला घालून तयार! सर्जनसमोर बसून त्यांनीच प्रश्नांची सरबत्ती लावली. बेहोशी कोण देणार, धोका किती, ही किती दिवसांत चालेल, नंतर काय काय जपायचं? सर्जननी धोके लपवले नाहीत. जन्मभर थोडं अन् मोजून खावं लागेल, गोळ्या घ्याव्या लागतील, हेही सांगितलं. मग मला विचारलं, "तुमचं काय ठरलं?"

"करायचं," मी म्हटलं.

सिस्टरने फॉर्म आणला. मी सही केली. घरच्या माणसाची सही हवी म्हणून बरोबर आलेल्या श्रीकांतने पेन काढलं, तोवर अक्कांनी फॉर्म ओढून घेतला. सावकाश सही केली, शेजारच्या चौकोनात नातं लिहिलं.

सिस्टरने वाचलं. "माताजी, यहाँ तो आपने माँ लिख दिया. आप तो सास हैं ना?"

"जो लिखा है वो पढ़ो," अक्का म्हणाल्या.